साठ अंशांवर धुतलेलं जॅकेट

जॅकेटला वास येत होता, हे मी सुरुवातीलाच मान्य करते. नंतर कोणी म्हणायला नको की रोन्याने महत्त्वाची गोष्ट लपवली.

माझं नेमबाजीचं जॅकेट माझ्याआधी तीन मुलींनी वापरलेलं आहे, आणि तिघींनाही स्पर्धेत भरपूर घाम येत असावा. पण रायफल शूटिंगचं जॅकेट धुवायचं नसतं. ते जाड कॅनव्हास आणि चामड्याचं असतं, आणि त्याचा सगळा उपयोग त्याच्या ताठपणात असतो. उभं राहून नेम धरताना ते पाठीला प्लास्टरसारखं धरून ठेवतं. धुतलं की संपलं. आमच्या ओबरमूस गावात हे बालवाडीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. म्हणून मी एक छोटासा, समंजस निर्णय घेतला. जॅकेटला जरा वारा लागू द्यायचा. बुधवारी संध्याकाळी मी ते तळघरात, धुण्याच्या खोलीत खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. आणि तो आमचा गुरुवार होता.

आमच्या इमारतीत सात कुटुंबं आणि एक वॉशिंग मशीन आहे. दर दोन आठवड्यांनी एक दिवस आपला, सकाळी सात ते संध्याकाळी सात. वेळापत्रक दारावर चिकटवलेलं आहे. ते मोडणाऱ्याने सरळ गाव सोडून जावं, अशी साधारण समजूत आहे. आमच्या घरी धुणं बाबांकडे असतं. बाबांचं नाव गाल्लुस, ते पोस्टात काम करतात. मशीन अर्धं रिकामं लावणं त्यांना सहनच होत नाही. जागा उरली की ते घरभर फिरून ती भरतात. (एकदा त्यांनी पाहुण्यांचा कोट धुतला होता. पाहुणे तेव्हा जेवत होते.)

त्या गुरुवारी मशीनमध्ये थोडी जागा उरली. बाबांनी आजूबाजूला पाहिलं. खुंटीवर माझं जॅकेट होतं.

मी शाळेतून आले तेव्हा खुंटी रिकामी होती.

"बाबा, माझं जॅकेट कुठे आहे?"

"ते वास मारणारं?" बाबा एखादं बक्षीस मिळाल्यासारखे हसले. "आता हुंगून बघ!"

मी हुंगलं. लॅव्हेंडर.

"किती अंशांवर धुतलंत?"

"साठ. लेबल फाटलं होतं ना. लेबल नसलं की साठ. निदान जंतू तरी मरतात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि कपडे मऊ करायचं औषध दोन झाकणं घातलंय. काय कडक झालं होतं गं ते! तू घालत तरी कशी होतीस?"

मी जॅकेट उचललं. ते माझ्या हातावर उकडलेल्या कोबीच्या पानासारखं लोंबलं. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड झाली होती.

इथे एखादी दुसरी मुलगी ओरडली असती, रडली असती, निदान दार तरी आपटलं असतं. मी म्हणाले, "बरं." माझ्या संतापाचं हेच दुखणं आहे. आत सगळं उकळत असतं आणि बाहेर एक शब्द पडतो, तोही सौम्य.

आता यात एवढं बिघडलं काय, ते सांगते. दोन दिवसांनी, शनिवारी, आमच्या क्लबात निवड होती. कॅन्टनच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, अंतिम फेरीला ज्युनियर गटातून तीन जण पाठवतात. दोघांची नावं ठरलेली होती. तिसरी जागा एक तर मला मिळणार होती, नाही तर लिव्हियाला. वीस गोळ्या, जास्तीत जास्त दोनशे गुण, जिचे जास्त ती जाणार. सरावात लिव्हिया १७४ मारते आणि मी १७३. तीन वर्षं मी १७३ मारते आहे, आणि तीन वर्षं कोणीतरी १७४ मारून जातं. यंदा मला जायचं होतं. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण उशीच्या खोळीत स्पर्धेचं माहितीपत्रक ठेवलं होतं.

बाबांना संध्याकाळी आईकडून कळलं की त्यांनी काय केलंय. आई चीजच्या कारखान्यात असते आणि मोजकं बोलते. ती म्हणाली, "गाल्लुस, तू तिची पाठ धुतलीस."

बाबा पांढरेफटक पडले. आणि मग त्यांनी सगळ्यात वाईट गोष्ट केली. त्यांनी मदत मागितली.

आधी त्यांनी आमच्या प्रशिक्षकाला, वेंडेलिनला, फोन केला. किती अंशांवर धुतलं ते त्याने दोनदा विचारून घेतलं. मग वेंडेलिन म्हणाला, "सल्ला देतो. आता जॅकेट विसरा. शरीर सांभाळा. तिला कॉफी देऊ नका, जिन्यावर पळू देऊ नका, आणि रोज वीस मिनिटं भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत निश्चल उभी करा."

मी कॉफी पीत नाही. आम्ही तळमजल्यावर राहतो. पण मला कोणी विचारलं तर ना.

तासाभरात अख्ख्या गावाला बातमी लागली आणि सल्ले आमच्या दाराशी रांग लावून उभे राहिले. आमच्या क्लबात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने आणि अरे-तुरेनेच बोलतात, त्यामुळे ऐंशी वर्षांच्या योस्टलाही मी नुसतं 'योस्ट' म्हणते. तो गोठ्यातले बूट न काढता आमच्या स्वयंपाकघरात आला.

"ए पोरी, श्वास कसा घेतेस?"

"नाकाने."

"चूक! पोटाने घ्यायचा. मी छप्पन सालापासून पोटाने घेतोय." त्याने ते करून दाखवलं. त्याच्या शर्टाचं एक बटण उडून चुलीखाली गेलं. "आणि गाल्लुस, त्या जॅकेटला खळ घाल. माझी बायको माझ्या रविवारच्या कॉलरला घालायची. कॉलर अशी व्हायची की मान वळवायची सोय नाही. चर्चमध्ये मी वीस वर्षं सरळ समोर बघितलंय."

बाबांचे डोळे चमकले. मला ती चमक ओळखता येते. ती अर्ध्या रिकाम्या मशीनसमोर असते तीच.

शुक्रवारी दुपारी बाबा पोस्टातून लवकर आले. आईच्या सूपच्या पातेल्यात त्यांनी कॉर्नफ्लोअरची खळ शिजवली. मी बाजूला, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत निश्चल उभी होते, त्यामुळे मला सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं.

"दोन चमचे लिहिलंय," बाबा स्वतःशी म्हणाले. "पण ते कॉलरला. जॅकेट म्हणजे किती कॉलर झाल्या? चाळीस?"

"बाबा..."

"हलू नकोस! वेंडेलिनने सांगितलंय."

त्यांनी दोन्ही पाकिटं रिकामी केली. जॅकेट पातेल्यात बुडवलं, ढवळलं, पिळलं आणि बाल्कनीत काठीवर टांगलं. आई कामावरून आली, पातेलं बघितलं आणि म्हणाली, "रात्री ब्रेड खाऊ."

शनिवारी सकाळी मी बाल्कनीचं दार उघडलं. काठी खाली पडली होती. जॅकेट पडलं नव्हतं. ते जमिनीवर, हात किंचित पसरून, डोंगराकडे तोंड करून आपलं आपण उभं होतं.

ते पिशवीत मावेना. डिकीतही आडवं जाईना. शेवटी बाबांनी त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. मी रायफलची पेटी मांडीवर घेऊन मागे बसले. चौकात बाबांच्या पोस्टातला एक माणूस भेटला, त्याने हात करून पुढच्या सीटला "शुभेच्छा!" म्हटलं. मला तो दिसला. त्याला मी दिसले नाही.

आमची रेंज शाळेखालच्या बंकरमध्ये आहे. युद्ध झालं तर गावाने तिथे लपायचं आणि तोपर्यंत नेमबाजी करायची, अशी व्यवस्था आहे. दाराशीच साहित्याची तपासणी होती. तपासायला शेजारच्या गावच्या झेल्वेगर बाई आल्या होत्या. त्यांच्याकडे एक यंत्र असतं. ते कापडावर दाबतात, आणि कापड पुरेसं वाकलं नाही तर जॅकेट बाद. कारण ताठपणाचा उपयोग असला तरी त्याला मर्यादा असते. नाही तर लोक लाकडी फळी घालून येतील.

झेल्वेगर बाईंनी यंत्र दाबलं. काटा हलला नाही. पुन्हा दाबलं. जॅकेटमधून 'टक्' असा आवाज आला आणि एक पांढरा पोपडा टेबलावर पडला.

"यात काय घातलंय?" त्यांनी विचारलं.

"बाई, नुसतं कॉर्नफ्लोअर आहे," बाबा पुढे झाले. "खायची वस्तू आहे. हवं तर चाखून बघा."

"मी जॅकेट चाखत नाही. बाद."

"थांबा! मऊ करतो! पाच मिनिटं द्या!"

आणि पुढे जे झालं ते माझ्या शाळेतल्या नऊ मुलांनी, लिव्हियाने आणि तिच्या आईने बघितलं. बाबांनी जॅकेटला मिठी मारली आणि ते दुमडायला सुरुवात केली. योस्टने बाही धरली. दोघं त्याला वाकवू लागले, जमिनीवर घासू लागले, गुडघ्याखाली घेऊ लागले. बंकरभर पांढरा धुरळा उडाला.

"पोटाने दाब, गाल्लुस, पोटाने!"

"तू तिची बाही सोड, ती आधीच आखूड आहे!"

वेंडेलिन कपाळाला हात लावून म्हणाला, "रोन्या, सल्ला देतो. डोळे मीट आणि शांत सरोवराची कल्पना कर."

लिव्हियाची आई म्हणाली, "आमच्या लिव्हियाला आम्ही स्पर्धेआधी केळं देतो."

"केळ्याने हात थरथरतो," योस्ट जमिनीवरून म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"छप्पन सालापासून!"

"पाठीला टॉवेल बांधला तर?" बाबा धुळीतून ओरडले. "रोन्या बाळा, टॉवेल आणलाय मी, कालच धुतलाय..."

मला अजूनही कळत नाही नेमकं काय झालं. मी तोंड उघडलं ते "बरं" म्हणायला. पण आतून दुसरंच काहीतरी आलं.

"गप्प बसा!"

बंकरच्या भिंती जाड काँक्रीटच्या आहेत. ते वाक्य तिथे तीन वेळा फिरलं.

"सगळे गप्प बसा! जॅकेट माझं आहे, वास माझा होता, आणि नेमही मीच धरणार आहे! कोणी मला श्वास शिकवू नका! केळं नको, सरोवर नको, टॉवेल तर अजिबात नको!"

योस्टच्या हातात बाही होती. (नुसती बाही. ती सुटली होती.) झेल्वेगर बाईंनी आपलं यंत्र छातीशी धरलं होतं. बाबांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

मी रायफल घेतली आणि शाळेच्या साध्या टी-शर्टवर माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. जॅकेट न घालता शूटिंग करायला नियमांची हरकत नाही, नुसतं ते मूर्खपणाचं आहे. पाठीला कसलाच आधार नव्हता. पण माझ्या अंगात इतका संताप भरला होता की हलायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक काळ्या ठिपक्यात मला एक सल्ला दिसत होता. एक सल्ला, एक गोळी. साठ अंश: दहा. दोन झाकणं: नऊ. पोटाने श्वास: दहा. केळं: दहा. वीस गोळ्या कधी संपल्या कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजून पाच-सहा सल्ले शिल्लक होते.

लिव्हियाने १७५ मारले. माझे १८१ झाले.

लिव्हिया माझ्याजवळ आली. "तुला ओरडता येतं?" तिने विचारलं. तीन वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. मी म्हणाले, "बहुतेक."

बाबा रडले, त्यामुळे त्यांच्या गालांवर खळ झाली. योस्टने सगळ्यांना सांगितलं की हा पोटाच्या श्वासाचा विजय आहे. वेंडेलिनने सोमवारी क्लबाच्या फळ्यावर सरावाचा नवा नियम लिहिला: 'पहिल्या गोळीआधी एकदा मनापासून रागवावे.' तेव्हापासून ज्युनियर गटातली मुलं सरावाआधी भिंतीकडे तोंड करून ओळीने ओरडतात. वर शाळेत संगीताचा तास असतो, त्यांनी तक्रार केली आहे.

तीन आठवड्यांनी कॅन्टनची अंतिम फेरी झाली. घरच्यांनी आणि क्लबाने माझं म्हणणं फार मनावर घेतलं होतं. वेंडेलिनच्या मुलीचं न धुतलेलं, बरोब्बर ताठ जॅकेट मला मिळालं, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. नाश्त्याला बाबा नुसतं ब्रेड पुढे सरकवत होते. गाडीत चाळीस किलोमीटर शांतता होती. योस्ट खास गोठा सोडून आला होता, तो ओठ घट्ट दाबून बसला आणि त्याने माझ्याकडे बघून फक्त एकदा मान हलवली. तपासणीच्या बाई हसून "छान जॅकेट" म्हणाल्या. रेंजवर प्रकाश चांगला होता. माझ्या शेजारच्या मुलीने मला स्वतःची पाण्याची बाटली देऊ केली.

मी रायफल उचलली आणि रागवायला काहीतरी शोधू लागले. आई-बाबांकडे बघितलं. दोघं हात मांडीवर ठेवून, श्वास रोखून, माझ्याकडे प्रेमाने बघत होते. घड्याळ पुढे चाललं होतं. मी जॅकेट हुंगलं. त्याला कसलाच वास नव्हता. एवढ्या चांगल्या वागणुकीपुढे माणसाने करायचं तरी काय? पहिली गोळी ठिपक्याच्या बाहेर गेली आणि विसाव्या गोळीपर्यंत बाकीच्या तिच्यामागे जात राहिल्या.

बत्तीस मुलींमध्ये मी एकतिसावी आले. घरी परतताना मीच बाबांना समजावलं की शेवटून दुसरी येणं काही अगदी वाईट नाही. बत्तिसाव्या मुलीला ताप होता. ती आलीच नव्हती.