स्वागत एक नंबरवर

लिफ्टच्या कारखान्यात सगळे तिला काटेकोरबाई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. लिफ्टच्या मेंदूत कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे तीच ठरवी. मेंदू एक, कामं पाच: ब्रेक, दार, मोटर, दिवे आणि स्वागताची घोषणा. प्रत्येकाला अग्रक्रमाचा आकडा, एक सगळ्यात वरचा. वरच्या आकड्याचं काम सुरू असेपर्यंत खालच्यांनी निमूट थांबायचं.

"माझ्या तक्त्यात चूक? शोधून दाखवा!" असं ती छातीठोकपणे सांगे. शिवाय नियमही तिचाच: अर्ज भरा, साहेबांची सही आणा, मगच आकडा बदलेल!

त्या सकाळी साहेब लगबगीने आले. "स्वागत एक नंबरवर घ्या. इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई लिफ्ट बघायला येताहेत. सहा लिफ्टची ऑर्डर आहे! दार लागताच आवाज घुमला पाहिजे."

"सर, दाराच्याही वर? ब्रेकच्याही?"

"पाहुणे आधी, बाकी सगळं मग!" साहेबांनी अर्ज क्रमांक अकरावर झोकदार सही ठोकली. तिने आकडा बदलला आणि आजवर कधीच न जोडलेला स्पीकर जोडला.

डॉक्टरीणबाई आणि साहेब आत शिरले. दार लागलं.

"आपलं स्वागत आहे!" लिफ्ट म्हणाली. "आपलं स्वागत आहे! आपलं स्वागत आहे!"

लिफ्ट वर जाईना, दार उघडेना. स्वागत मात्र लग्नातल्या हौशी काकांसारखं माइक सोडायला तयार नव्हतं!

"काटेकोरबाई! दार उघडा!" आतून साहेब ओरडले.

"दाराची पाळीच येत नाहीये, सर. तुम्हीच स्वागत वर चढवलंत!"

"मग उतरवा की!"

तिचं बोट लॅपटॉपच्या बटणावर गेलं आणि तिथेच थबकलं. "अर्ज क्रमांक बारा, सर. सही लागेल."

"अहो, मी आत अडकलोय!"

"कारणाच्या रकान्यात तेच लिहिलंय, सर."

दाराच्या फटीतून अर्ज आत सरकला.

"हे घ्या माझं पेन," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "आमच्याकडे अत्यवस्थ पेशंट आधी, स्वागतकक्ष नंतर. तुमचं भलतंच उलटं!"

सही केलेला अर्ज बाहेर आला. स्वागत पाचव्या नंबरवर गेलं आणि दार क्षणात उघडलं! मग तीन मजले वर, तीन मजले खाली. ब्रेक इतके अलगद लागले की डॉक्टरीणबाईंना दिलेल्या पेल्यातलं पाणीही हललं नाही.

"साहेब कोंडले तरी सहीशिवाय आकडा बदलत नाही?" त्या खळखळून हसल्या. "मला अशाच बाईंच्या हातची लिफ्ट हवी. सहाच्या सहा!"

टाळ्या! साहेबांनीही वाजवल्या. काटेकोरबाईने मान किंचित लववली. "शेवटी तक्ता तो तक्ता," ती म्हणाली.

सगळे चहाला गेले. लिफ्ट रिकामी झाली, ब्रेक, दार, मोटर, दिवे यांची कामं आटोपली आणि पाचव्या नंबरची पाळी आली.

"आपलं स्वागत आहे! आपलं स्वागत आहे! आपलं स्वागत आहे!"

"अगं बाई, कळलं! आणि गेले की सगळे!" फरशी पुसणाऱ्या मावशी लिफ्टवर खेकसल्या.

काटेकोरबाईने तक्ता उघडला. 'दोन घोषणांमध्ये विश्रांती किती सेकंद?' या रकान्यात तिच्याच हाताने भरलेलं शून्य टुमटुमीत बसलं होतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं, अर्ज क्रमांक तेरा काढला आणि कारणाच्या रकान्यात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात लिहिलं: 'मी.'