नारोबाची चेन आणि दसऱ्याच्या अक्षता

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं आणि त्याच्याकडे मोटरसायकल होती.

हसू नका. तुमच्या शेजारच्या काकांकडे असते, मग साळिंदराकडे का नसावी? मागच्या रांगेतल्या बाळानं नाकातलं बोट काढावं आणि नीट ऐकावं. गोष्ट बोधपर आहे. बोध शेवटी मिळेल, तोवर उठायचं नाही.

तर या साळिंदराचं नाव नारोबा. स्वभावानं अगदी गरीब. अंगभर काटे, पण जिभेवर एकही नाही. कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याच्या तोंडून आपोआप 'बरं' बाहेर पडायचं. त्याच्या बायकोचं नाव ठमाबाई. तिच्या अंगावर काटे जरा कमी होते, पण ती उणीव तिनं बोलण्यात भरून काढली होती.

दोघं मोटरसायकलवरून जोडीनं हिंडायची. मध्ये एक जाड गोधडी घालायची. कशाला ते विचारू नका, साळिंदरांचा संसार आहे.

गाडी तशी बरी होती. पण घेतल्यापासून नारोबानं तिच्या चेनला तेलाचा थेंब दाखवला नव्हता. चेनमध्ये धूळ बसली, चिखल वाळला, गंज आला. नारोबा निघाला की अख्ख्या रानात आवाज घुमायचा. कर्रर्र-किच्च! कर्रर्र-किच्च! हरणं चरायची थांबायची. वाघसुद्धा झोपेत कूस बदलायचा.

"अहो, त्या चेनचं काहीतरी करा," ठमाबाई म्हणायची.

"बरं," नारोबा म्हणायचा. त्याला वाटायचं, 'बरं' म्हटलं की काम निम्मं झालं. तुमच्या घरीही असा कुणीतरी असेल. नाव घेऊ नका, घरी जायचंय तुम्हाला.

मग एके दिवशी अस्वलांकडे बारसं होतं. पिल्लू रडून रडून नुकतंच झोपलं होतं. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून कुजबुजत होत्या. तेवढ्यात ही दोघं दारात पोचली. कर्रर्र-किच्च! वर त्याच दारातल्या खड्ड्यात गाडीचं मागचं मडगार्ड खळ्ळकन गळून पडलं. पिल्लानं जो टाहो फोडला, तो पंगत उठेपर्यंत थांबला नाही.

अस्वलीण बाहेर आली. चारचौघींच्या देखत गोड आवाजात म्हणाली, "काय हो ठमाबाई, तुमच्याकडे घरात तेल येत नाही का?"

झालं! ठमाबाईच्या अंगावरचा काटा न् काटा ताठ उभा राहिला. ती जेवली नाही. घुगऱ्याही घेतल्या नाहीत. तिथूनच पायी निघाली, ती थेट घाटापलीकडे माहेरी.

जाताना एवढंच म्हणाली, "दसऱ्याला सोनं घेऊन या. पण घाटातून तो आवाज माझ्या कानावर आला, तर दार उघडणार नाही. मग मी राहीन तिथेच. आईला तेवढीच सोबत."

आता नारोबाचं काय झालं ऐका. त्याला घर खायला उठलं. भाकरी करायला गेला तर एक बाजू कच्ची आणि दुसरी कोळसा. गोधडी नुसती खुंटीवर लटकत होती. ती तो रोज काढायचा, झटकायचा आणि परत लटकवायचा. त्याला ठमाबाईची आठवण यायची, अगदी तिच्या बोलण्याचीसुद्धा. ती परत आली नाही तर आपलं काही खरं नाही, हे त्याला कळून चुकलं.

म्हणून दसऱ्याच्या दिवशी पहाट होताच त्यानं गाडी अंगणात काढली आणि डबल स्टँडवर चढवली.

आणि बाळांनो, खरं सांगतो, त्यानं ते काम फार सुरेख केलं. गाडी बंद ठेवली. न्यूट्रलमध्ये घातली. चेनवरचं कव्हर काढलं. टायरला तेल लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा खोचला. दात घासायचा जुना ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवत चेनची कडी न् कडी घासली. काळं पाणी गळायला लागलं. मग फडक्यानं कोरडी पुसली. मग कडीच्या सांध्यात थेंब थेंब तेल सोडलं. तेल आत मुरू दिलं, वरचं जास्तीचं पुसून घेतलं. बस्स. एवढंच असतं ते. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं 'बरं' म्हणत बसतात.

मग त्यानं चाकाला एक झोका दिला. चाक गरगरा फिरलं. आवाज? अहं. पान पडल्याचाही नाही. नारोबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. 'ठमे, ऐक गं,' तो मनात म्हणाला, 'काही ऐकू येतंय का बघ.'

त्या क्षणी कव्हर लावून तो निघाला असता, तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही खेळायला गेला असता. पण त्यानं एक चूक केली होती. हे सगळं त्यानं अंगणात केलं होतं. आणि आपल्या जंगलात एखादा जण गाडीपाशी उकिडवा बसलेला दिसला, की जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाला ब्रेक लागतो.

आधी आले कोल्हेसाहेब. त्यांच्याकडे गाडी नव्हती. मोबाईल होता.

"काय नारोबा, चेन का?"

"हो साहेब. झाली साफ करून."

"झाली?" कोल्हेसाहेब चष्मा कपाळावर घेऊन वाकले. "तेल कुठाय मग? दिसत नाही. अरे, मी कालच व्हिडिओ बघितला. तेल कसं दिसलं पाहिजे! चकाकलं पाहिजे! आण ती बाटली."

नारोबा म्हणणार होता, की जास्त तेलावर धूळ बसते. पण तोंडातून 'बरं' बाहेर पडलं. कोल्हेसाहेबांनी बाटली उपडी केली. मग नारोबानं कव्हर उचललं, तेही त्यांनी हातातून काढून घेतलं.

"छे छे, कव्हर अजिबात नको. चेनला हवा लागली पाहिजे. परदेशात कुणी लावत नाही."

त्यांचा आवाज ऐकून तरसमामा आले. तरसमामा जुन्या काळातले. नव्या काळातलं सगळं त्यांना भेसळीचं वाटायचं.

"हे कसलं पाणचट तेल?" ते म्हणाले. "आमच्या वेळी एरंडेल असायचं. पोट साफ होतं एरंडेलानं, मग चेन का नाही होणार?" आणि घरी जाऊन आणलेलं घट्ट, चिकट एरंडेल त्यांनी चेनवर ओतलं. कोल्हेसाहेबांना राग आला, म्हणून त्यांनी आणखी थोडं आपलं ओतलं. तरसमामांना राग आला, म्हणून त्यांनी आणखी थोडं एरंडेल ओतलं. नारोबा मध्ये फडकं घेऊन उभा. पुसू कुणाचं आणि दुखवू कुणाला?

एवढ्यात खारवहिनी आल्या, हातात पूजेचं ताट घेऊन.

"अगंबाई! दसऱ्याच्या दिवशी पूजेशिवाय गाडी हलवणार? बायको आणायला निघालात ना? मग अपशकुन नको, भाऊजी."

"बरं," नारोबा म्हणाला.

आता पूजा म्हणजे हँडलला हार आणि चाकाखाली लिंबू, एवढ्यावर भागतं. पण वहिनी पडल्या न्यायाच्या बाई. "आज अंघोळ कुणाची झाली? चेनची. मग मान तिचाच," असं म्हणून त्यांनी चेनवर हळद वाहिली. कुंकू वाहिलं. मूठभर अक्षता टाकल्या. दाणा न् दाणा एरंडेलात जाऊन बसला. एक अख्खी झेंडूची माळ त्यांनी चेनमध्ये ओवली. जंगलातल्या बाकीच्यांनी बघितलं, अरे, इथे अक्षता टाकतायत! आपण मागे कशाला? मग माकडांनी टाकल्या, मोरांनी टाकल्या. कोल्हेसाहेबांनी चेनशेजारी बसून फोटो काढले आणि लगेच सगळ्यांना पाठवून दिले.

ऊन कलायला लागलं. आता थांबलं तर घाट गाठणं अवघड. नारोबानं आपट्याची पानं काट्यांत खोचली, गोधडी सीटवर बांधली आणि किक मारली.

लहान मुलांनी कानांवर हात ठेवावेत. असा आवाज त्या रानात कधी झाला नव्हता. जात्यात खडे भरडावेत तसा. घर्रर्र-कर्रर्र-कटकट-किच्च! मागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ, माझं तेल लागू पडलं," कोल्हेसाहेब म्हणाले.

घाट चढताना मागच्या चाकानं आपलं काम सुरू केलं. चेनला कव्हर नव्हतं, चाकाला मडगार्ड नव्हतं. मग तेल, हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळं उडून थेट नारोबाच्या पाठीवर, डोक्यावर आणि काट्यांवर. पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला ऐकू येत होता फक्त तो आवाज. आपल्याला ऐकू येतोय तर घाटापलीकडे तिलाही येत असणार. त्याला रडू फुटलं. रडत रडत तो गाडी चालवत राहिला, कारण परत फिरून तरी जायचं कुठे?

सासुरवाडीच्या अंगणात तो पोचला, तेव्हा दार बंद होतं. त्यानं गाडी बंद केली. सगळीकडे शांत झालं.

"ठमे," तो दाराशी जाऊन म्हणाला.

"आवाज आला," आतून ठमाबाई म्हणाली.

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"सकाळी नव्हता गं! तुझी शपथ. मी स्वतः साफ केली, कडी न् कडी. अशी गुपचूप फिरत होती! तुला ऐकवायची होती."

"मग झालं काय?"

"लोक आले."

"कोण लोक?"

"आपलेच."

मग सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांनी डोळे चोळले, पुन्हा बघितलं आणि ओरडल्या, "अगं ठमे, धाव! जावईबापू हळद लावून आलेत!"

कडी निघाली. ठमाबाई उंबऱ्यात आली आणि तिथेच उभी राहिली. समोर नारोबा. नाकावर हळद. कपाळावर कुंकू. काट्याकाट्याच्या टोकाला एक एक अक्षत. कानावर झेंडू. डोळ्यांत पाणी. आणि हातात पुढे केलेली आपट्याची पानं.

"सोनं घे," तो म्हणाला.

ठमाबाईनं ओठ दाबून बघितले. पण हसू काही आवरेना. ती अशी हसली, अशी हसली, की तिचे काटे खुळखुळ्यासारखे वाजायला लागले. तिनं दाराची चौकट धरली. शेवटी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अहो, आपल्या लग्नातसुद्धा एवढ्या अक्षता पडल्या नव्हत्या!"

"येतेस ना?" नारोबानं विचारलं.

"येते. असलं ध्यान एकटं सोडलं तर जंगलात लोक काय काय ओततील तुमच्यावर!"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या हातचं पोटभर जेवून दोघं परत आली. गाडी बहुतेक वाट ढकलतच आणली. घरी पोचताच ठमाबाईनं गाडी अंगणात लावू दिली नाही. थेट स्वयंपाकघरात नेली. चुलीपासून लांब, मोरीजवळ, खाली जुने कागद पसरले. मग दार लावलं. वर कडीही घातली.

नारोबा हातानं चाक फिरवत होता आणि ठमाबाई ब्रशनं चेनमधून तांदूळ काढत होती. दोघंही गप्प होती आणि दोघांनाही बरं वाटत होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "नारोबा!" कोल्हेसाहेबांचा आवाज. "रॉकेलचा वास येतोय! चेन का? उघड, मी सांगतो कसं करायचं ते!"

नारोबाच्या तोंडात 'बरं' आलंच होतं. ठमाबाईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. 'बरं' तोंडातच विरघळलं. मग ठमाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "या, या, साहेब! देवासारखे आलात! चाक फिरवून फिरवून ह्यांचा हात दुखतोय. तुम्हीच फिरवा आता!"

"अरे, मला एक काम आठवलं," कोल्हेसाहेब म्हणाले. पावलं लांब गेली.

हा उपाय नारोबानं जन्मभर लक्षात ठेवला. त्याच्या गाडीचा आवाज त्यानंतर कुणी ऐकला नाही. जंगलात मात्र कोल्हेसाहेबांनी सांगायचं ते सांगितलंच: नारोबाचा मोडलेला संसार चेनवरच्या अक्षतांनी जुळला, मी स्वतः हजर होतो, हे बघा फोटो. तेव्हापासून दर दसऱ्याला सगळी जनावरं भक्तिभावानं आपापल्या चेनमध्ये तांदूळ टाकतात. दिवसभर रानात नुसतं घर्रर्र-कटकट चालतं. वाघानं कूस बदलणं सोडलं. तो हल्ली दसऱ्याला गावाला जातो.

उठा आता. बोध राहिला होता, तो घ्या आणि पळा.

तात्पर्य: चांगलं काम नेहमी दार लावून करावं. फजिती मात्र चारचौघांत होऊ द्यावी, तिच्यामुळेच बायको माहेराहून परत येते.