दसऱ्यानंतरची सर्व्हिसिंग

तेजरावआबा आमच्या घरी आले की आधी दारातल्या चपला बघतात. बेल वाजवत नाहीत, हाक मारत नाहीत. पायरीपाशी वाकतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि माझ्या व शोभाच्या चपला निरखतात. मग आत येऊन सोफ्यावर टेकतात आणि जाहीर करतात, "चपला जवळजवळ हायेत. तोंडं बी एकाच बाजूले हायेत. चाललं हाये बराबर."

आमचं लग्न आबांनी जमवलं. त्या लग्नाची मुलगी आता कॉलेजात जाते, पण आबांच्या लेखी आम्ही अजून वॉरंटीत आहोत. गाडीची वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करतात, मग "लग्नाची काऊन नाई?" असा त्यांचा सवाल असतो. त्यामुळे दसरा झाला की दिवाळीच्या आत ते स्वतः जमवलेल्या सोयरिकी जागेवर जाऊन तपासतात. पहिला नंबर आमचा, कारण आम्ही बुलडाण्यात त्यांच्याच गल्लीत राहतो आणि पुढच्या तपासणीला लागणारी गाडी माझी आहे. त्या दिवशी शोभा सकाळी उठल्याउठल्या चपला जुळवून ठेवते. आमच्यात वर्षभर काय वाटेल ते होवो, चपलांचा संसार दृष्ट लागावी असा दिसला पाहिजे. आबांच्या स्वतःच्या दारात चपलांचा एकच जोड असतो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्या एका जोडावरून काय निदान करायचं, ते मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

आबा गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. नोकरीभर लुनावरून गावोगाव हिंडले, बैलांच्या खांद्यांना मलम लावलं, अडलेल्या म्हशी सोडवल्या आणि हे करता करता कुठल्या घरात लग्नाचं कोण आहे ते हेरून ठेवलं. या कामाचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. लग्नात टोपी-उपरणं आणि पंगतीत वाढप्याने विसरू नये एवढीच अपेक्षा. स्थळ पाहण्याची रीत मात्र त्यांची एकट्याची. मुलगा किती शिकला, पत्रिका जुळते का, असल्या भानगडीत ते पडत नसत. ते सरळ गोठ्यात शिरत.

"मानूस पाव्हन्यासमोर गोड बोलते," ते सांगतात. "जनावर नाटक करते का बे?"

जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा. ते दचकलं तर स्थळ बाद. ते अंग घासायला लागलं, तर आबा गोठ्यातूनच ओरडत, "द्या पोरगी! माही गॅरंटी!"

माझ्या वेळी मी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलो होतो. आबांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते आमच्या कपिला गायीपाशी उभे राहिले. तिने त्यांचा हात चाटला आणि माझं लग्न ठरलं. शोभा चिखलीची आहे, तोंडाने फटकळ. ती अजून पाहुण्यांना सांगते, "मी या घरात गायीकडं पाहून आली. अन् मी आल्यावर यायनं आंधी गायच विकली."

यंदाही दसऱ्यानंतर आम्ही निघालो. बोथ्याच्या घाटात पाऊस संपलेला असतो आणि थंडी यायची असते. गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलेलं, सागाच्या पानांची जाळी झालेली, कठड्यावर माकडं आणि वळणावळणाला सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. माणसं हे बघायला मुद्दाम येतात म्हणे. मी दरवर्षी जातो, पण मला फक्त रस्ता दिसतो, कारण आबा मान वळवू देत नाहीत.

"समोर पाय, सुध्या. माहे तीस संसार हायेत या गाडीत."

त्यांना स्वतःला मात्र प्रत्येक टोपलीपाशी उतरायचं असतं. एकेक सीताफळ अंगठ्याने दाबायचं, डोळा फुगलाय का बघायचं, बाईशी हुज्जत घालायची. मोठी पिशवी डिकीत जाते, ती सगळ्यांसाठी. निवडक फळांची एक वेगळी पिशवी आबा स्वतःच्या मांडीवर घेऊन बसतात.

ती पिशवी रेखासाठी असते. धाडच्या पुढे एका गावात तिची पिठाची गिरणी आहे. आबांनी जमवलेल्या लग्नांतलं मोडलेलं एकच, ते तिचं. फेरीच्या शेवटी ते दरवर्षी तिच्याकडे जातात आणि रेखा दरवर्षी त्यांच्याशी एक शब्दही बोलत नाही. गिरणी चालूच ठेवते. आबा बाहेरच्या बाकावर पिशवी ठेवतात, त्या घरघरीत थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात. मी लांब निंबाखाली गाडीत बसून हे पाहत आलो आहे.

"औंदा बोलन ते," आबा घाट उतरताना म्हणाले. गेल्या वर्षीही त्यांनी हेच म्हटलं होतं.

पिंपळगाव राजाला पोचेपर्यंत अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत पडलेलं. तिथल्या ज्ञानेश्वरच्या घरी आम्ही न सांगता दाखल झालो. आधी कळवलं तर ती तपासणी कसली, हे आबांचं तत्त्व. ज्ञानेश्वर बाजेवर बसला होता, त्याची बायको मंगला त्याच्याकडे पाठ करून चवळीच्या शेंगा निवडत होती. सगळं ठीक असल्याचं दोघांनी वेगवेगळं सांगितलं. मग आबांनी आपली ठरलेली परीक्षा घेतली.

"ज्ञानेश्वर, मले जरा जिरं आन बरं. पोटात गडबड हाये."

नवऱ्याला जिऱ्याचा डबा सापडला तर संसार चांगला, अशी ही परीक्षा. मी स्वतः त्यात दोनदा नापास झालो आहे. ज्ञानेश्वर मात्र आत गेला आणि पाणी पिऊन व्हावं इतक्या वेळात जिरं घेऊन बाहेर आला. मला वाटलं, सुवर्णपदक. आबांनी जिरं तोंडात टाकलं आणि त्याच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं.

"इतल्या लवकर कसं सापडलं बे?"

ज्ञानेश्वर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. शेवटी मंगलाच बोलली. "सोमवारपासून तेच करून राह्यले सैपाक. म्या चूल बंद केली."

भांडण बकरीवरून होतं. मंगलाने बाटलीने दूध पाजून वाढवलेली पाठ, म्हणजे लहान बकरी, ज्ञानेश्वरने तिला न विचारता बाजारात विकली होती. आबांना हे ऐकून जो संताप आला, तो मी त्यांना माणसांच्या बाबतीत येताना पाहिलेला नाही. "बाटलीवरची पाठ विकली? अबे, ते रातभर वरडली असन!" ज्याने ती घेतली त्याच्या गावाला उद्याच जाऊन ती परत आणायची, असा हुकूम सुटला. मंगला पहिल्यांदा हसली आणि आम्हाला चवळीची उसळ मिळाली. ती ज्ञानेश्वरने केली होती आणि चांगली झाली होती.

दुपारी चिखलीला एका फ्लॅटमध्ये गेलो. दोघं नोकरीवाले, घर चकाचक, गोठ्याचा प्रश्नच नाही. अशा ठिकाणी आबा पार्किंगमध्ये जातात. नवऱ्याची मोटारसायकल पुसलेली आणि बायकोच्या स्कूटीवर धूळ असेल तर आबांच्या कपाळाला आठी. इथे दोन्ही गाड्या सारख्याच मळलेल्या होत्या. "दोघाईलेही टाइम नाई," आबा म्हणाले. "समान हाये. चालते."

चिखली सोडली आणि आबांचं रस्त्यावरचं लक्ष उडालं. दरवर्षी उडतं. इतर वेळी जे मला गिअर कधी बदलायचा हेही सांगतात, ते मांडीवरच्या पिशवीत हात घालून एकेक फळ चाचपत बसले. धाडला आठवडी बाजार होता. जीपगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत असताना ते एकदम बोलले.

"त्याचा गोठा पाह्यला होता म्या. लय झाक. बैलाले धुवून-पुसून ठेवलेलं. पाठीवर हात फिरवला त एक वळ नाई, सुध्या. एक वळ नाई."

पुढचं मला शोभाकडून कळलं होतं. त्याच माणसाच्या घरून रेखा वर्षाच्या आत माहेरी परतली, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा झंपर घालून. त्याने बैलांवर कधी हात उगारला नव्हता, हे खरंच होतं.

"लगन लावलं, लाडू खाल्ला, अन् गेलो घरी," आबा म्हणाले. "एक चक्कर जरी मारली असती ना त्या सालात."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आमच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं आबा आमच्याकडेही असे तपासायला फिरकले नव्हते. त्या काळात आमच्या चपला कशाही पडलेल्या असत. ही सर्व्हिसिंग, जिरं, चपला, स्कूटी, ज्याला आम्ही दरवर्षी हसतो, ते सगळं रेखानंतरचं होतं. मला एकदम आबांची फार दया आली, आणि त्यांना ती आवडली नसती म्हणून मी हॉर्न वाजवला.

यंदा पिशवी जड होती आणि आबांचे गुडघे दुखत होते, म्हणून मीही उतरलो. गिरणी नेहमीसारखी घरघरत होती. आबांनी बाकावर पिशवी ठेवली. तेवढ्यात घरघर थांबली. मला वाटलं, लाइट गेली. आबांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी वर विजेच्या खांबाकडे पाहिलं.

रेखा दारात आली. भुवयांपर्यंत पिठाने पांढरी झालेली. तिने पदराने तोंड पुसलं.

"बसा, आबा."

आबा बसले नाहीत. त्यांना ते जमलंच नसावं.

"मी लगन करून राह्यली," ती म्हणाली. "मानूस मीच पाह्यला. तुमाले विचारत नाई, सांगून राह्यली."

"बरं केलं, पोरी."

"दिलीप नाव हाये. मक्याचा टेम्पो चालवते. बायको वारली त्याची, एक लहान पोरगी हाये." मग ती थांबली आणि आबांकडे रोखून पाहत म्हणाली, "त्याच्याकडं गोठा नाई."

आबांनी मान खाली घातली. मी बाकावरच्या सीताफळांकडे बघत राहिलो.

"रविवारी बोलनी हाये," रेखा पुढे म्हणाली. "बाबा तं राह्यले नाई. भाऊ म्हनते, तुले दुसरं लगन कायले पाहिजे. माह्या बाजूनं बसाले मोठं मानूस पाहिजे. येता का?"

"मी?" आबा एक पाऊल मागे सरकले. "मी नको, पोरी. मले मानूस नाई कळत. मले जनावर कळते."

"मानूस पाहाले नाई बलावत. तो मी पाह्यला. बसाले बलावून राह्यली." "इतक्या सालात या दारात दुसरं कोन आलं?"

आबांचा हात उगाच टोपीकडे गेला, तिथून खाली आला. "येतो," ते म्हणाले. "येतो ना."

"अन् गॅरंटी?" रेखाने विचारलं. तिच्या ओठांवर हसू होतं, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता.

जो शब्द त्यांनी आयुष्यभर गोठ्यागोठ्यांतून ओरडून वाटला, तो आबांच्या तोंडून निघेना. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "गॅरंटी नाई देत. पन येत जाइन. दसऱ्याची वाट नाई पाहनार. अन् आलो का, आंधी तुले विचारीन."

"काय विचारान?"

"तू बरी हायेस का म्हून. तवा तेवढंच विचाराचं राह्यलं."

रेखा आत गेली. मागून स्टोव्हचा आवाज आला. चहा भलताच गोड होता आणि त्याला पिठाचा वास येत होता. आबांनी तो बशीत ओतून घेतला आणि निम्मा धोतरावर सांडला. उरलेला ते फार सावकाश प्याले.

बुलडाण्याच्या वाटेवर ते भरभरून बोलले. टेम्पोवाल्यांविषयी त्यांना काहीच माहिती नव्हती, तरी टेम्पोची काच पुसलेली असावी, असं त्यांचं मत पडलं. रविवारी माझी गाडी मोकळी आहे, हेही त्यांनीच ठरवून टाकलं.

घरी पोचलो. सकाळी जुळवलेल्या शोभाच्या चपला जागेवर होत्या, मी माझ्या त्यांच्याशेजारी काढल्या. आबा त्यांच्याकडे न बघता ओलांडून गेले. सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. शोभा भाकरी थापत होती.

"शोभा," ते म्हणाले, "पोरी, तू बरी हायेस ना?"

शोभाचा हात परातीत थांबला. तिने आबांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. तिने गॅस बारीक केला आणि आबांसाठी पाट सरकवला.

"बसा, आबा," ती म्हणाली. "निवांत सांगते."

मी हळूच बाहेर आलो आणि चपला आणखी जवळ जवळ लावायला लागलो.