वडाच्या वाडीची व्यूहरचना

कोणतीही योजना कागदावर कधी फसत नाही. ती फसते जमिनीवर उतरल्यावर, आणि त्यात दोष नेहमी जमिनीचाच असतो. १९६३ साली मुळशी तालुक्यातल्या वडाच्या वाडीच्या फुटबॉल संघाचे जे झाले, ते याच नियमाने झाले.

त्या वर्षी पौडच्या पुढे एस.टी.चा एकच नवा थांबा मंजूर झाला. तो वाडीला द्यावा की शेजारच्या माले गावाला, यावर दोन्ही गावांनी इतके अर्ज केले, की विकासकामांवरच्या पिंपळखरे साहेबांनी निकाल खिलाडूवृत्तीने लावायचे ठरवले. पौषात फुटबॉलचा सामना, आणि जिंकेल त्याच्या वेशीपाशी गाडी थांबेल. (कुठे किती माणसे राहतात हे पाहावे, अशीही एक सूचना आली होती. ती वेळखाऊ म्हणून बाजूला ठेवण्यात आली.)

कुशाबा वाडीचा कप्तान झाला तो काही खेळाच्या हौसेने नव्हे. त्याची आई तुळजाबाई गुडघ्यांनी पार बसली होती. औषधाला पुण्याला न्यायचे तर पौडपर्यंत तिला पाठुंगळी घ्यावे लागे. वजनाचे त्याला काही वाटत नसे. पण वाटेत भेटेल त्याला ती ओशाळून सांगे, "लेकाला लई तरास व्हतुया माज्यामुळं," आणि ते ऐकले की कुशाबाचा जीव तुटे. त्याला तो थांबा हवाच होता.

साहेब कॉलेजात खेळलेले. त्यांनी खेळाडूंच्या जागा ठरवणारी, डब्ल्यू-एम नावाची विलायतेत नावाजलेली रचना आणली. भात निघालेली खाचरे सपाट करून मैदान झाले. कोणी कुठे खेळायचे ते कळावे म्हणून साहेबांनी प्रत्येक खेळाडूभोवती फक्कीच्या रेघा मारल्या, कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, "ही तुमची जागा, ही सोडायची नाही," असे बजावले आणि नकाशावर सगळ्यांचे अंगठे घेतले.

एवढे शिकलेल्या साहेबांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती. वाडीत त्याआधी चुन्याची रेघ एकाच माणसाने मारली होती, आणि तो सरकारी मोजणीदार होता.

त्या दिवसापासून रचना इतकी काटेकोर पाळली गेली, की कुठल्याही देशाच्या संघाला हेवा वाटावा. चेंडू आपल्या हद्दीत असेपर्यंत गडी जिवाच्या आकांताने धावे. रेघेपलीकडे गेला की हाताची घडी घालून उभा राही. दुसऱ्याच्या वाटणीत पाय घालायला तो काय चोर होता? उजव्या बगलेच्या गड्याने आठवड्याच्या आत भोवताली काट्यांचे कुंपण केले. मागच्या फळीतल्या एकाने, ओल चांगली आहे म्हणून, हरभरा पेरला (उगवण उत्तम झाली). धनगराच्या म्हसूने डाव्या आघाडीवर मेंढरे बसवली. खताच्या लोभाने शेजारच्या दोघांनी ती एकेक रात्र आपल्याकडेही बसवून घेतली. संघात परस्पर सहकार्य दिसले ते एवढेच. गोलाची जागा कोणाच्याच नावावर नसल्याने ती गायरान धरण्यात आली. बहिरू तिथे गोलकीपर म्हणून उभा असे, पण पाहुण्यासारखा.

रचना का चालत नाही, याचा साहेबांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला. वाया गेलेल्या वेळापैकी चार आणे भाग चेंडू रेघेवर थांबल्यामुळे, चार आणे तो कोणाच्या हद्दीत ते ठरवायला गावचे पंच गोळा करण्यात आणि उरलेला आठ आणे भाग पंचांच्या चहापाण्यात गेल्याचे निष्पन्न झाले. यावरून त्यांनी रेघा अधिक ठळक करण्याचा निर्णय घेतला.

कुशाबाच्या शेजारची जागा त्याचा चुलतभाऊ भैरू याची होती. दोघांचे बांधावरच्या आंब्यावरून कचेरीत प्रकरण चालू होते. वकील वेगळे होते, पण सल्ला एकच होता: काही झाले तरी हद्द ओलांडू नका, ओलांडलीत की कबुली दिलीत.

सामन्याला अख्खी वाडी लोटली. तुळजाबाईला बाजेवर घालून आणले होते. शेवटापर्यंत एकही गोल झाला नाही. मग मालेकरांचा गोलकीपर पुढे धावून आला आणि पाय घसरून आडवा झाला. चेंडू गडगडत येऊन कुशाबा आणि भैरूच्या मधल्या रेघेवर थांबला. समोर गोल मोकळा होता.

कुशाबाने बाजेकडे पाहिले. त्याचा पाय उचललासुद्धा गेला. मग त्याला आंबा आठवला.

"भैरू, मार की!" तो ओरडला.

"मी न्हाई. उद्या कचेरीत म्हनशील, भैरू माज्यात शिरला."

"न्हाई म्हनत. आईची आन."

"मंग तूच मार. मी काय बी म्हननार न्हाई."

"तसं लिवून देतुस का?"

भैरू विचारात पडला. तेवढ्यात मालेचा एक पोरगा, ज्याचा त्या जमिनीशी काडीचा संबंध नव्हता, दोघांच्या मधून चेंडू घेऊन गेला. वाटेत त्याला कोणी अडवले नाही. तो ज्याच्या हद्दीतून गेला, त्याला तो पुढच्याच्या हद्दीत गेल्याचे समाधान वाटले. बहिरूने बाजूला सरून त्याला वाट दिली.

थांबा मालेला झाला. साहेबांनी अहवालात लिहिले की रचना निर्दोष असून तिला योग्य गाव मिळाले नाही. त्यांना बढती मिळाली.

त्यानंतर औषधाच्या दिवशी कुशाबा आईला पाठीवर घेऊन मालेपर्यंत जाई. भैरूची आई साळूबाई हिचेही गुडघे गेले होते, त्यामुळे भैरूही तिला घेऊन निघे. एक रस्त्याच्या या कडेने, एक त्या कडेने. दोघे एकमेकांकडे बघत नसत. पाठीवरच्या दोघी जावा मात्र मालेपर्यंत गप्पा मारत जात.

ही हकिकत वाचून वाचकांना हसू आले असेल, तर त्यांनी अवश्य हसावे. हसून झाल्यावर आपल्या जिन्यातला दिवा कधीपासून बंद आहे, तेवढे आठवावे. तो शेजाऱ्यांच्या बाजूला येतो हे मान्यच आहे. वरच्या मजल्यावरच्या आजींनाही ते ठाऊक आहे, त्या भिंत चाचपत उतरतात, आणि तुमच्या दारापाशी आल्या की तुम्ही आतून विचारता, "कोण आहे?"