बोंबीलचा बंदोबस्त

"आठ दिवसांत या कुत्र्याला चप्पल चावायची असते हे आठवणारसुद्धा नाही! लिहून ठेवा!" गोविंदरावांनी जाहीर केलं. जाहीर करताना त्यांच्या उजव्या पायात चप्पल होती, डाव्या पायात नव्हती. डावी बोंबीलच्या तोंडात होती.

गोविंदराव म्हणजे मसोलीच्या कडेला चिकूची वाडी असलेले भले गृहस्थ. पंप बंद पडो, कौल गळो, लेकीची स्कूटर चालू होईनाशी होवो, ते बाह्या सरसावून "मी बघतो" म्हणत. तसं म्हणाले की घरातली माणसं लगबगीने मोलाच्या वस्तू उचलून आत ठेवत. इतक्या वर्षांचा अनुभव!

बोंबील हे त्यांचं पिल्लू. दारावर मासे घेऊन येणाऱ्या वाढवणच्या रूपीने ते दिवाळीनंतर आपल्या टोपलीत घालून आणलं होतं. अंगाने लुळं, उभं राहिलं की चारी पाय चार दिशांना. मयूरीने, म्हणजे गोविंदरावांच्या लेकीने, पहिल्याच दिवशी नाव ठेवून टाकलं, "बोंबील!" पण या बोंबलाला दात फुटले आणि घराची दशा झाली. टीव्हीचा रिमोट गेला. मयूरीच्या हेल्मेटचा पट्टा गेला. मोबाईलचा चार्जर तर त्याने शेवयांसारखा ओढून खाल्ला. चपलांच्या बाबतीत तो फार न्यायी होता, प्रत्येक जोडीतली एकच खायचा. त्यामुळे फेकवतही नाही आणि घालवतही नाही, अशा एकेकट्या चपलांचा दारात ढीग साचला.

हिरकणीबाईंनी, म्हणजे गोविंदरावांच्या पत्नीने, बरेच दिवस सोसलं. पण संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं. वाण लुटायला त्यांनी तलासरीच्या बाजारातून बांबूच्या छोट्या छोट्या टोपल्या आणल्या होत्या. काय नाजूक वीण, काय रंगीत काठ! त्या टोपल्यांकडे बोंबील ज्या नजरेने बघत होता ती हिरकणीबाईंनी ओळखली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "यातली एक टोपली जरी याने चावली ना, तर दुसऱ्या दिवशी रूपी मासे घेऊन येईल आणि जाताना हा तिच्या टोपलीत बसून वाढवणला परत जाईल! आला तसाच!"

"जाऊ दे की! मला काय त्याचं!" गोविंदराव म्हणाले खरे, पण पिल्लाला त्यांनी हळूच जवळ ओढलं. मुलगा नोकरीसाठी वसईला, मयूरी दिवसभर डहाणूच्या बँकेत, हिरकणीबाईंना कामाचा रगाडा. गोविंदरावांचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेणारा जीव घरात एकच होता. तो मान वाकडी करून ऐकायचा, मध्ये बोलायचा नाही आणि "हे मागच्या आठवड्यात सांगितलंत" असंही म्हणायचा नाही. असा श्रोता माणसांत सापडतो का सांगा!

तेव्हा कुत्र्याला सुधारणं भागच होतं.

पहिला उपाय ठेच्याचा. हिरव्या मिरचीचा झणझणीत ठेचा चपलेला चोपडून गोविंदराव दारामागे दबा धरून बसले. बोंबील आला. हुंगलं. चाटलं. शेपटी हलवली आणि अख्खी चप्पल मटकावली! वाढवणला रूपीच्या घरी तिखटजाळ कालवणाच्या वासावर वाढलेला प्राणी तो! त्याला वाटलं, इतके दिवस ही माणसं मला अळणी चप्पल वाढत होती, आज कुठे चव आली.

"आता उद्या लिंबू पिळा वरून," मयूरी म्हणाली.

गोविंदराव हिरमुसले होऊन वाडीत गेले. चिकूच्या झाडाखाली उभे राहिले आणि तिथेच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चीक! कच्च्या चिकूचा चीक! लहानपणी पैज लावून त्यांनी कच्चा चिकू चावला होता, तेव्हा तोंड असं तुरट पडलं आणि ओठाला ओठ असा बसला, की संध्याकाळपर्यंत आईला वाटलं पोरगं शहाणं झालं. अहो, घरात असं औषध असताना ठेचा कशाला!

त्यांनी कच्चे चिकू खुडले, देठातून गळणारा पांढराशुभ्र चीक करवंटीत धरला, खोडालाही दोनचार चिरा दिल्या. एका चपलेला फासला. बोंबीलने दात मारला मात्र, त्याचा जबडा थबकला. डोळे मोठे झाले. मग तो कोपऱ्यात जाऊन बसला आणि अर्धा तास नुसता तोंड हलवत राहिला. ना भुंकणं, ना धावणं!

"पाहिलंत?" गोविंदरावांची छाती फुगली. "पुटपुटतोय तो. पश्चात्ताप म्हणतात याला! माफी मागतोय!"

"मला तर मजेत दिसतोय," मयूरी म्हणाली. पण तिचं कोण ऐकतो!

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी हिरकणीबाई तिळगुळाच्या वड्या थापण्यात गुंतल्या होत्या. त्यांच्या तिळगुळाचा अख्ख्या मसोलीत दबदबा. पाक कधी चुकला नाही, वडी कधी दाताला चिकटली नाही. त्या स्वयंपाकघरात आणि गोविंदराव हातात करवंटी अन् चिंधी घेऊन बाहेरच्या खोलीत, असा त्या दिवशीचा मामला. झोपाळ्याच्या कडा झाल्या. दाराची चौकट झाली. मांडववाल्याकडून आणलेल्या खुर्च्यांचे पाय झाले. मग वाटलं, पिल्लू उडीही मारतं, म्हणून हातही झाले. शेवटी त्यांची नजर टोपल्यांवर गेली. खरा धोका तर इथेच! त्यांनी एकेका टोपलीच्या काठावरून मायेने चिकाचा हात फिरवला. चीक वाळला, डोळ्यांना दिसेनासा झाला. हिरकणीबाईंना सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं असं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं!

दुपारी बायका जमल्या. पुरुषांनी अशा वेळी वाडीत जावं असा रिवाज, पण "कुत्र्यावर लक्ष ठेवतो" म्हणून गोविंदराव मागच्या पडवीत थांबले. बोंबीलला त्यांनी सुतळीने बांधलं होतं. सुतळीला चीक फासायचं तेवढं डोक्यात आलं नव्हतं. इतक्यात त्यांना पुढच्या दारातला चपलांचा ढीग आठवला. एवढ्या बायकांच्या एवढ्या चपला, त्याही जोडीजोडीने! पाहुण्यांच्या चपलांना दात लागला म्हणजे संपलंच! बायका आत उखाण्यांत दंग असताना गोविंदराव वाकून, चोरपावलांनी गेले आणि एकूण एक चपलेच्या पट्ट्यांवरून करवंटीतला उरलेला चीक फिरवून आले. हुश्श! आता बंदोबस्त पक्का.

आत हळदीकुंकू लागलं, तिळगूळ वाटला, टोपल्या हातात पडल्या. हाताची ऊब लागली आणि वाळलेला चीक जागा झाला.

सगळ्यात आधी बोलल्या प्रभाताई, गोविंदरावांच्या थोरल्या भगिनी. साठ वर्षांत त्यांनी कुणाची चूक नजरेतून सुटू दिली नव्हती. बोटं टोपलीपासून ओढत त्या म्हणाल्या, "हिरकणी, पाक चुकला गं या वर्षी. केवढा चिकट!"

हिरकणीबाईंचा चेहरा पडला. "वन्सं, माझा पाक? शक्य नाही! कोरडी खुटखुटीत वडी आहे."

"अगं, मग हे काय?" प्रभाताईंनी हात वर केला. टोपलीही वर गेली. हात झटकला, टोपली जागची हलेना! शेजारच्या ज्योत्स्नाबेननी मदतीला हात घातला, तर त्यांची बोटं प्रभाताईंच्या बांगड्यांना बसली. "हाय हाय, आ शुं चोंट्युं!" हे काय चिकटलं म्हणून त्या गुजरातीत ओरडल्या. एकीने कपाळावरची बट मागे सारली, तिची टोपली केसांत अडकली. दुसरी उठायला गेली, तिच्या हातांबरोबर खुर्चीही उठली!

"गूळ कुठला आणलास?" "पाक जास्त शिजला असणार!" "हल्ली वयापरत्वे होतं गं असं." बायका अगदी समजुतीने बोलत होत्या, आणि तेच हिरकणीबाईंच्या जिव्हारी लागत होतं. बरं, दिवस संक्रांतीचा, गोडच बोलायचं! त्या डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांकडे बघून हसत होत्या. एवढ्या वर्षांचं नाव त्या एका दुपारी मातीत गेलं होतं.

पडवीतून गोविंदराव हे सगळं ऐकत होते. बोलावं तर सगळं याच्यापायीच झालं म्हणून बोंबील जातो, न बोलावं तर बायकोची अब्रू जाते! "काय करू रे?" त्यांनी खाली वळून विचारलं. खाली सुतळीचं चावलेलं टोक होतं. बोंबील नव्हता.

"आम्ही निघतो गं, घरी जाऊन हात धुतो," म्हणत बायका टोपल्यांसकट दाराकडे निघाल्या. आता मात्र गोविंदरावांना राहवेना. ते धावतच बाहेर आले.

"थांबा! चपला घालू नका!"

उशीर झाला होता. प्रभाताईंचे दोन्ही पाय चपलांत गेले होते. तेवढ्यात चप्पल दुसरीचीच असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. काढायला गेल्या तर निघेना! ओळीने सगळ्या बायका पाय झटकू लागल्या. दारात जणू कवायत चालली होती.

"चपलेला कुठला आला पाक?" प्रभाताई हळूच म्हणाल्या आणि त्यांची नजर गोविंदरावांवर स्थिरावली. लहानपणी चिकू चोरताना पकडायची तीच नजर. "गोविंदा! चपला घालू नका हे तुला कसं ठाऊक?"

गोविंदरावांच्या हातात अजून करवंटी होती.

सगळं बाहेर आलं. मग हिरकणीबाई इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की गोविंदरावांच्या अंगावर काटा आला. "अहो, ऐकलं का? फडताळातली खोबरेल तेलाची बरणी आणता का जरा? मोठी हं!"

चीक निघतो तो तेलानेच, वाडीवाल्यांच्या बायकांना हे सांगायला नको. मयूरी तेल ओतत होती, बायका एकमेकींचे हात चोळत होत्या. संक्रांतीला दिवाळीचं अभ्यंग चाललं होतं! आणि गंमत म्हणजे, एकदा पाकावरचा आळ गेल्यावर हिरकणीबाईंना हसू फुटलं, मग प्रभाताईंना, मग सगळ्यांनाच. असं हळदीकुंकू डहाणूत आजवर कुणाकडे झालं नव्हतं.

"पण तो कुठाय?" कुणीतरी विचारलं.

बोंबील झोपाळ्याखाली होता. गोविंदरावांची ती चीक फासलेली चप्पल पुढच्या दोन पायांत धरून, डोळे अर्धवट मिटून, तोंड हलवत होता. कच, कच, कच. मयूरीने मोबाईल काढला, काहीतरी शोधलं आणि खाली बसकण मारून हसायलाच लागली.

"बाबा! च्युइंगम पूर्वी कशापासून करायचे माहितीये? चिकूच्या झाडाच्या चिकापासून! तुम्ही अख्ख्या घराचं च्युइंगम केलंत!"

"म्हणजे पश्चात्ताप..." गोविंदराव पुटपुटले.

"रवंथ होतं ते, बाबा!"

त्या हशात गोविंदराव मात्र हसले नाहीत. त्यांनी हिरकणीबाईंकडे बघितलं आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे गं. त्याला नको पाठवूस. टोपली एकसुद्धा चावली नाहीये त्याने, मोजून घे हवं तर."

ते खरंच होतं. चावणार कशी? सगळ्या टोपल्या बायकांच्या हातांना चिकटलेल्या!

हिरकणीबाई पदराला हात पुसत विचार करत राहिल्या. रूपीही हळदीकुंकवाला आली होती, तिच्याकडे वळून म्हणाल्या, "रूपी, उद्या मोठी टोपली घेऊन ये गं. ठरल्याप्रमाणे."

गोविंदरावांचा चेहरा कुत्र्याहून केविलवाणा झाला.

"वैनी, असू द्या की. पिल्लाची काय चूक?" रूपी म्हणाली.

"पिल्लाचं कोण म्हणतंय? यांना घेऊन जा!"

दुसऱ्या दिवशी रूपी खरोखरच आली. डोक्यावरची माशांची पाटी उतरवली आणि काखेतली भलीमोठी रिकामी टोपली ओट्यावर ठेवली. "वैनी, धुऊन आणलीय. कुणाला बसवू?"

हिरकणीबाईंनी आत बघितलं. गोविंदराव मांडी घालून मांडववाल्याच्या खुर्च्या तेलाने पुसत होते आणि पंपाची जुनी गोष्ट सुरुवातीपासून सांगत होते. समोर बोंबील ताजा चीक लावलेली ती एकच चप्पल चघळत, मान वाकडी करून ऐकत होता. काल संध्याकाळपासून त्याने दुसऱ्या कशालाही तोंड लावलं नव्हतं.

"राहू दे आज," हिरकणीबाई म्हणाल्या. "दोघांनाही अजून आठ दिवस बघते."

"ऐकलंस? मुदत मिळाली आपल्याला!" गोविंदराव आनंदाने उठले आणि दाराबाहेर जायला निघाले, अर्थात एकाच पायात चप्पल घालून.