अर्ध्या दिवसात पाच घळी

एका जंगलात एक शहर होतं. हसू नका, मुलांनो. जंगलात शहर असू शकतं. आपल्या शहरांत जंगल उरलं नाही, म्हणून तुम्हाला नवल वाटतं.

शहराचं नाव उंबरनगरी. तिथले सगळे प्राणी फार कामात असायचे. उंदीर उकरलेला रस्ता पुन्हा उकरायचे. माकडं या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारायची आणि त्याला बैठक म्हणायची. इतक्या कामातल्या प्राण्यांना सुट्टीही घाईघाईनेच घ्यावी लागते. म्हणून तिथे एक सहल कचेरी निघाली. कचेरीच्या दारावर मोठा फलक होता : ‘अर्ध्या दिवसात पाच घळी. जेवायला घरी.’

घळ म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना? दोन डोंगर एकमेकांना चिकटता चिकटता राहिले की मध्ये खोल फट उरते, ती घळ. तळाशी पाणी असतं. ते लाखो वर्षं दगड कापत बसलेलं असतं. त्याला घाई नसते.

आता शहराच्या बागेत चला. तिथे एक हौद होता आणि हौदात हैबती नावाचं म्हातारं कासव होतं. नाव हैबती, पण शेजारी वाळकं पान पडलं तरी मान आत! हैबतीचा जन्म डोंगरातल्या तिसऱ्या घळीतला, तिथल्या आंबडोहातला. लहानपणी एका पुरात तो वाहत खाली आला आणि बागेच्या हौदात नोकरीला लागला. हौदातलं शेवाळ खायचं, एवढंच काम. आज घरी जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता चाळीस पावसाळे गेले. नोकरदारांचं असंच होतं, तुमच्या बाबांना विचारा.

एके दिवशी एक बगळा हौदाच्या काठावर उतरला.

“हैबती तूच का? तुझ्या अक्काचा निरोप आहे. म्हणाली, डोळं गेलं. ऐकू येतंय तवर येऊन जा.”

अक्का म्हणजे हैबतीची थोरली बहीण. आंबडोहात ती एकटीच उरली होती.

हैबतीला फार वाईट वाटलं. दोन दिवस त्याने शेवाळाला तोंड लावलं नाही. हौद हिरवागार झाला. चालत निघावं, तर डोंगर पाच कोसांवर. कासवाच्या चालीने पोचेपर्यंत अक्काचे कानही गेले असते. कदाचित अक्काही गेली असती. म्हणून जन्मात पहिल्यांदा हैबतीने सहलीचं तिकीट काढलं.

सहलीची गाडी म्हणजे गजराबाई नावाची हत्तीण. तिच्या पाठीवर ऐसपैस हौदा बांधलेला होता. वाटाड्या होता गुणवंत मुंगूस. त्याच्या हातात एक काठी, काठीच्या टोकाला पिवळं फूल आणि गळ्यात शिट्टी. तो सारखा सूर्याकडे बघायचा आणि “उशीर झाला” म्हणायचा. सूर्य उगवायच्या आधीही म्हणायचा.

गुणवंत वाईट नव्हता बरं का. पण त्याची नोकरी धोक्यात होती. मागच्या महिन्यात तो एका साळिंदराच्या सासूबाईंना चौथ्या घळीत विसरून आला होता. साळिंदराने तक्रार केली नाही. सासूबाईंनी केली. तेव्हा कचेरीने हुकूम काढला : सकाळी निघताना डोकी मोजून आकडा पानावर लिहावा. प्रत्येक घळीतून निघताना पुन्हा मोजावीत. आकडा जुळला नाही, तर वाटाड्याने दुसरी नोकरी बघावी.

सकाळी गजराबाईने एकेकाला सोंडेने उचलून हौद्यात ठेवलं. हैबतीची पाळी आली. तो आयुष्यात जमिनीपासून चार बोटांहून वर गेला नव्हता. त्याने डोळे मिटले आणि मान, पाय, शेपटी, जे जे बाहेर होतं ते सगळं आत घेतलं.

त्याच वेळी गुणवंतने डोकी मोजली. “दहा, अकरा, बारा. बारा!” त्याने पानावर ‘बारा’ लिहिलं. प्रवासी तेरा होते. पण तिकिटं बघणं कचेरीचं काम आणि डोकी मोजणं गुणवंतचं. एकमेकांच्या कामात कुणी नाक खुपसायचं नाही, अशी तिथली शिस्त होती.

वाटेत हैबतीने हळूच मान काढली.

“साहेब, एक इचारू का?”

“लवकर विचारा, काका.”

“तिसऱ्या घळीत खाली डोह हाय. तितं माझी अक्का ऱ्हाती. पान्यापत्तर उतराया येळ गावंल का?”

गुणवंतने कार्यक्रमाचं पान काढलं. “तिसरी घळ, सात मिनिटं. त्यात तीन मिनिटं माहिती, तीन मिनिटं फोटो आणि एक मिनिट निसर्गाचा आनंद. काका, कार्यक्रमात डोह नाही. कार्यक्रमात कठडा आहे. कठड्यावरून बहिणीला हात करा.”

“तिला दिसत न्हाई, साहेब.”

गुणवंतने सूर्याकडे पाहिलं.

“मग हाक मारा. पण थोडक्यात.”

शेजारी डुकरीणकाकू बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून धपाटं काढून हैबतीपुढे धरलं. “खा हो भावजी. बहिणीकडे उपाशीपोटी जाऊ नये.” गजराबाई खालून चालत होती. हत्तीचे कान सुपाएवढे असतात, तिने सगळं ऐकलं.

पहिली घळ आली. सगळे कठड्याशी धावले. गुणवंतने फुलाची काठी उंच धरली.

“खोली नऊशे हात! वरून खाली मोजली तरी नऊशे, खालून वर मोजली तरी नऊशे! शंका असतील तर शेवटी विचारा. शेवटी वेळ नसतो.”

“जरा सरका,” असं म्हणत मोर पुढे आला. त्याला घळीसोबत स्वतःचा फोटो हवा होता. त्याने पिसारा फुलवला. पिसाऱ्यामागे घळ दिसेनाशी झाली. “घळ येतेय ना?” मोराने विचारलं. “सुंदर येतेय,” असं सगळ्यांनी सांगितलं, कारण प्रत्येकाला आपलाही फोटो काढून घ्यायचा होता.

फुर्रर्र! शिट्टी वाजली. सगळे हौद्यात बसले. हैबती आता जरा धीट झाला होता, मान काढून बसला होता. गुणवंतने मोजलं आणि तो पांढराफटक पडला.

“तेरा!”

पुन्हा मोजलं. “तेरा! एक जास्त आहे! कोण चढलंय? कोण आहे फुकट्या?”

तो एवढ्यांदा ओरडला की हैबतीची मान खटकन आत गेली. गुणवंतने तिसऱ्यांदा मोजलं. बारा. त्याच्या जिवात जीव आला.

“हं. उतरला वाटतं चोर. चला, उशीर झाला!”

पाठीच्या आतल्या अंधारात हैबती विचार करू लागला. कासवं हळू विचार करतात, पण एकदा धरलेला विचार सोडत नाहीत. दुसऱ्या घळीपर्यंत त्याचा विचार पुरा झाला. तिथून निघताना त्याने मुद्दाम मान आत घेतली. बारा. गुणवंत खूश झाला. हैबतीही खूश झाला, पण त्याला भीतीही वाटली. आयुष्यभर त्याने कुणाला फसवलं नव्हतं. शेवाळसुद्धा सांगितलं तेवढंच खाल्लं होतं.

पुढे रानमधाचं दुकान लागलं. तिथे पन्नास मिनिटं थांबायचं होतं. दुकान गुणवंतच्या मेव्हण्याचं होतं, हा निव्वळ योगायोग.

मग तिसरी घळ आली.

ती दिसायच्या आधी हैबतीला तिचा वास आला. ओल्या दगडाचा, करवंदीच्या जाळीचा आणि खालच्या गार पाण्याचा. चाळीस वर्षं हा वास त्याला आठवला नव्हता आणि आता तो क्षणभरही विसरला नव्हता असं वाटलं. त्याचे डोळे भरून आले. डुकरीणकाकूंनी दुसरीकडे बघितलं.

गजराबाईने सगळ्यांना कठड्यापाशी उतरवलं. हैबतीला मात्र तिने सोंडेत धरून चार पावलं पुढे नेलं आणि अलगद खाली ठेवलं. हैबतीने पाहिलं, तर पुढ्यात डोहाकडे उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्यांची पहिली पायरी होती.

“पाय घसरंल, दादा,” गजराबाई हळूच म्हणाली. “दमानं जा.”

तिकडे गुणवंत सांगत होता, “खोली दीडशे हात!” तिकडे मोर म्हणत होता, “जरा सरका.” इकडे हैबती उतरत होता. कासवाची एक पायरी म्हणजे काय, कल्पना करा. आधी पुढचा उजवा पाय. मग पुढचा डावा. मग बराच वेळ मागचे पाय “येऊ का, येऊ का” करतात. मग धप्पकन सगळं कासव. सात मिनिटांत त्याच्या तीन पायऱ्या झाल्या. खाली दोनशे शिल्लक होत्या.

फुर्रर्र!

हैबती जागच्या जागी थबकला. लपायला आडोसा नव्हता, पळणं तर दूरच. त्याने सगळं आत ओढून घेतलं आणि तो गप्प पडून राहिला.

सगळे हौद्यात बसले. सगळी डोकी एका नजरेत दिसेनात, म्हणून गुणवंत मागे सरकून उभं राहायला जागा शोधू लागला. पायऱ्यांवर एक गोल गुळगुळीत धोंडा दिसला. तो टुणकन त्यावर उभा राहिला.

धोंडा थरथरला. गुणवंतला वाटलं, आपलेच पाय थरथरताहेत. नोकरीच्या काळजीने त्याचे पाय नेहमीच थरथरायचे.

“दहा, अकरा, बारा.” त्याने पान काढलं. पानावरही बारा. “सगळे आले! चला!”

हैबतीची जागा तर हौद्यात उघडीच पडली होती. गुणवंतला ती दिसली का? दिसली. पण आकडा जुळल्यावर जागेकडे कोण बघतं?

गजराबाई दोन पावलं चालली आणि थांबली.

“साहेब, पाठ हलकी लागतीय.”

डुकरीणकाकूंच्या हातातलं धपाटं हातातच राहिलं. गुणवंत हसला.

“गजराबाई, घळ बघून हलकंच वाटतं. आपल्या माहितीपत्रकात छापलंय ते.”

“आसंल बाई,” गजराबाई म्हणाली आणि चालू लागली. तिने आपलं काम केलं होतं. विचारायचं ते एकदा विचारून झालं होतं.

सगळं शांत झालं. हैबतीने मान बाहेर काढली. कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी त्याला मोजलं नाही. तो उतरू लागला. दुपार झाली, ऊन कलंडलं आणि मग एकदाची शेवटची पायरी आली.

डोहाकाठच्या सपाट दगडावर अक्का बसली होती. केवढी लहान झाली होती ती! पाठीवर शेवाळ उगवलं होतं.

“कोन हाय?” तिने मान वळवली.

पाच कोस घोकलेलं सगळं हैबती विसरला.

“म्या,” एवढंच तो म्हणाला.

अक्का बराच वेळ ऐकत राहिली.

“हैबती! मेल्या, किती उशीर?”

“चाळीस पावसाळं, अक्का.”

“आनि आता किती येळ हाईस? कसल्याशा शिट्ट्या वाजत्यात वर. समदी येत्यात आनि लगी पळत्यात.”

“म्या पळत न्हाई. माझी मोजनी झालीया.”

“मग बस की हितं,” अक्का म्हणाली आणि दगडावर थोडी सरकली.

हैबती तिच्याशेजारी बसला. अक्काच्या पाठीवरचं शेवाळ त्याने खाऊन टाकलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत शिकलेली विद्या शेवटी घरच्या कामाला आली. मग त्याने वर बघितलं. दोन कड्यांच्या मध्ये आभाळाची निळी पट्टी होती आणि तिच्यातून एक घार चालली होती. तो अक्काला सांगू लागला, घार कुठून आली, कुठे वळली. अक्का ऐकत होती.

उंबरनगरीत सगळे वेळेवर जेवायला पोचले. कचेरीने प्रत्येकाकडून अभिप्राय लिहून घेतला. मोराने लिहिलं, ‘अविस्मरणीय.’ घरी जाऊन त्याने फोटो पाहिले, तर पाचही घळींत पिसाराच होता. कुठली पहिली आणि कुठली पाचवी, ते त्याला सांगता येईना. बाकीच्यांनी लिहिलं, ‘मध उत्तम.’

गुणवंतचा कचेरीने नारळ देऊन सत्कार केला. एकही प्रवासी न हरवता त्याने सहल पार पाडली होती. पानावर तसं लिहिलेलंच होतं. नारळ घेऊन तो हौदावरून घरी जात होता. हौद हिरवागच्च झालेला पाहून तो थबकला. त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. पण उशीर झाला होता.

पुढच्या रविवारी डुकरीणकाकू पुन्हा सहलीला आल्या. चौथ्या घळीच्या तळाशी त्यांच्या माहेरचा चिखल होता. मोजणी सुरू झाली, तसा त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्यांच्या शेजारच्या बेडकाने तोंड पानाआड केलं. त्याच्या मागच्या दोन घुबडांनी माना पंखांत घातल्या.

“आठ,” गुणवंत म्हणाला आणि त्याने पानावर लिहिलं. “आज गर्दी कमी दिसते.”

गजराबाईने पाठीवरचं वजन जोखलं, सोंड हलवली आणि ती हसत हसत डोंगराकडे निघाली.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी मान ताठ ठेवावी, असं मोठी माणसं सांगतात. खरंच आहे. त्यामुळे मोजणाऱ्याची फार सोय होते. मात्र घळीच्या तळाशी कुणी तुमची वाट बघत असेल, तर मोजणीपुरती मान आत घ्यावी.