भालेराव काकांचं परराष्ट्र धोरण

भालेराव काका नव्या माणसाला नाव विचारण्याआधी लिथुआनिया विचारतात. "पोलंडशी बोलणं तोडलं ते बरोबर केलं की नाही? बोला!" समोर फॅमिली डॉक्टर असो, नाहीतर पुण्याहून कालच आमच्या या डच गावात, रायस्वाइकला उतरलेला, अजून सायकलही न घेतलेला आयटीवाला असो. एकदा मी त्यांच्याबरोबर गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत गेले होते. खिडकीमागच्या बाईंनी "आणखी काही?" असं सहज विचारलं, आणि काकांनी त्यांना राजधानी हातची गेली तरी नमतं न घेणाऱ्या एका चिमुकल्या देशाची कथा ऐकवली. मागे ही रांग! मी पर्समध्ये नसलेली वस्तू शोधत राहिले.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची शेजारीण. काका सॉफ्टवेअर टेस्टर आहेत, निवृत्तीला टेकलेले. पण जीव अडकलाय तो शंभर वर्षांपूर्वीच्या लिथुआनियात. देश नवा कोरा, ओळखत कुणी नाही, आणि त्याचे दूत परक्या शहरांत हॉटेलच्या खोल्या घेऊन "आम्हाला देश म्हणा हो" असं सांगत दारोदार फिरताहेत. पुढे राजधानी विल्निअस पोलंडच्या ताब्यात गेली आणि लिथुआनियाने शेजाऱ्याशी अबोलाच धरला. वकिलात नाही, रेल्वे नाही, टपालसुद्धा तिसऱ्या देशातून. "जवळजवळ वीस वर्षं! याला म्हणतात कणा!"

काकांचं बोलणंही वकिलातीतलंच झालंय. चहा दिला की "नोंद घेतली". साखर जास्त पडली की "तीव्र निषेध".

हा लिथुआनिया काकांच्या घरात सुनेबरोबर आला. मुलगा अमेय इथेच वाढला. त्याला मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. बायको रूता लिथुआनियाची. दोघं याच देशात, न्यूनेन नावाच्या गावी राहतात, ट्रेनने अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल. त्यांना दोन वर्षांची मुलगी आहे आणि काकांनी तिला फक्त फोनवर पाहिलंय. बोलावणी येतात, काका "जमणार नाही" कळवतात. का, विचारलं की, "आमची भूमिका कायम आहे."

गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या डच आजींचा वाढदिवस झाला. इथल्या रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन करायचं आणि केकचा एकच तुकडा पुरवून खायचा. आजींच्या गुडघ्याचे व्यायाम घ्यायला येणारी एक तरुण मुलगी तिथे होती. ती निघाली लिथुआनियाची. मला घाम फुटला. काकांनी खुर्ची ओढून तो गोल मोडला आणि तिच्याच देशाचा इतिहास तिला ऐकवायला घेतला. मी "काका, केक" म्हणून पाहिलं. काही उपयोग नाही. "त्या अबोल्याला माझा सलाम," असं इंग्रजीत ठणकावून मगच ते थांबले.

मुलगी शांतपणे म्हणाली, "आमच्या घरात त्याला कुणी सलाम करत नाही. माझ्या पणजीची बहीण सीमेपलीकडे राहायची, चालत जाण्याइतकी जवळ. ती वारली तेव्हा पणजीला जाता आलं नाही."

माझी तर मान वर होईना. काका उठले, आजींचं पुन्हा एकदा अभिनंदन केलं आणि बाहेर पडले. मी मागोमाग गेले, तर ते जिन्यात पायरीवर बसलेले.

"लग्नात मी रुसलो होतो गं," ते म्हणाले.

"कुणावर?"

"कुणावर म्हणजे? मुलाचा बाप मी! एकदा तरी रुसायला नको? फोटोत मला पार कडेला उभं केलं. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. म्हटलं, व्याही येतील, हात धरतील, 'चला' म्हणतील. त्यांनी खिडकीतून पाहिलं, हसून हात हलवला आणि सगळे जेवायला बसले."

मला फिस्सकन हसू आलं, आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली.

"ही असती तर विहीणबाईंच्या कानात सांगून आली असती." काकू लग्नाच्या वर्षभर आधी वारल्या होत्या. "मला नुसतं रुसता येतं. परत उठवायचं काम तिचं. मग तसाच राहिलो. आता कुठल्या तोंडाने जाऊ? लिथुआनियाला शेवटी पोलंडने धमकी दिली, संबंध जोडा नाहीतर बघा. त्यांनी मुकाट्याने जोडले. मला तर कुणी धमकीही देत नाही."

घरी येऊन मी अमेयला फोन केला. काका रुसलेत म्हणजे काय, ते आधी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत. तो गोंधळून म्हणाला, "बाबा इज अँग्री? वुई थॉट ही लाइक्स टू बी अलोन. रूता ऑल्वेज सेज, डोन्ट डिस्टर्ब हिम."

एवढ्या वर्षांचा अबोला त्या घरात कुणाला कळलाच नव्हता. हे काकांना सांगायचं मला धैर्य होईना. मी खाली जाऊन दार वाजवलं आणि म्हटलं, "काका, अमेय भयंकर चिडलाय. रविवारी आला नाहीत तर संबंध कायमचे संपले म्हणतो."

काकांचा चेहरा उजळला. "खूप चिडलाय?"

"खूप."

"मग जायलाच हवं." ते लगबगीने आत गेले आणि हातात काहीतरी घेऊन आले. लोकरीचं टोपडं होतं, अगदी पाळण्यातल्या बाळाचं. पुडक्यातून कधी बाहेरही न काढलेलं.

"ती झाली तेव्हा आणलं होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बसेल ना गं तिला?"

त्या मुठीएवढ्या टोपड्याकडे मला बघवेना.

"बसेल, काका," मी म्हणाले.